खाण्यातले रंग : कोणते चालतात, कोणते नाहीत आणि आपण काय पाहायचं

मागच्या रमजान ईदनंतर शाळा पुन्हा सुरू झाली, त्या आठवड्यात भिंगारमधल्या आमच्या एका विद्यार्थिनीची अम्मी भेटायला आली. हातात रुमालात गुंडाळलेली एक पुडी होती. "जर्द्यात टाकायचा रंग म्हणून आणला होता. चिमूटभरच टाकला. जर्दा संपला, पण माझ्या बोटांचा रंग दोन दिवस गेला नाही. मग पोरांच्या पोटात याचं काय होत असेल?" पुडीवर नाव नव्हतं, कंपनी नव्हती, तारीख नव्हती. नुसता पांढरा कागद आणि आत झगझगीत नारिंगी पूड.

प्रश्न साधा होता, पण आमच्याकडे त्याचं सरळ उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्या स्वयंपाकघरातही अशी एक डबी वर्षानुवर्षे होती. बिर्याणीच्या वरच्या थरात, कबाबाच्या मसाल्यात, जर्द्यात तो रंग पडत होता आणि आम्ही कधी लेबल वाचलं नव्हतं. म्हणून शोध घेतला, वाचलं, विचारलं. जे हाती लागलं ते सगळ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून इथे एकत्र मांडत आहोत.

रंग तीन प्रकारचे

बाजारात "खाण्याचा रंग" या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. घोटाळा तिथूनच सुरू होतो.

पहिला प्रकार नैसर्गिक रंगांचा. केशर, हळदीतला पिवळा रंग, पानांतला हिरवा रंग, गाजरात असतो तो बीटा कॅरोटीन, जळक्या साखरेचा तपकिरी रंग म्हणजे कॅरामेल, लटकन किंवा शेंद्रीच्या बियांचा रंग. यांना कायद्याची परवानगी आहे.

दुसरा प्रकार परवानगी असलेल्या कृत्रिम रंगांचा. हे कारखान्यात रसायनांपासून तयार होतात. १८५६ साली विल्यम पर्किन या इंग्रज तरुणाने कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या रसायनापासून जांभळा रंग बनवला आणि कृत्रिम रंगांचं युग सुरू झालं. ते रंग आधी कापडावर आले, मग लवकरच मिठाईत आणि शरबतात. आज हे रंग बहुतांशी पेट्रोलियमपासून निघणाऱ्या रसायनांतून बनतात. ते किती शुद्ध असावेत, कशात आणि किती टाकावेत, हे कायद्याने ठरवून दिलेलं आहे.

तिसरा प्रकार कापड, कागद, चामडं आणि रंगकामासाठी बनवलेल्या रंगांचा. मेटॅनिल यलो, रोडामाइन बी, ऑरामाइन, मॅलाकाइट ग्रीन आणि सुदान रंग ही यातली नेहमी ऐकू येणारी नावं. खाण्यात यांना अजिबात परवानगी नाही, एक कणही नाही. पण ते स्वस्त असतात, थोडक्यात गडद रंग देतात आणि उन्हात किंवा आचेवर लवकर फिके पडत नाहीत. म्हणून सुट्या पुड्यांतून ते स्वयंपाकघरात शिरतात. बिननावाच्या पुडीची भीती वाटायला हवी ती याच कारणाने. ती पुडी दुसऱ्या प्रकारची आहे की तिसऱ्या, हे डोळ्यांनी कुणालाच ओळखता येत नाही. दुकानदारालाही नाही.

कायद्यातले आठ रंग

आपल्या देशात खाद्यभेसळ रोखण्यासाठी १९५४ चा कायदा होता. त्याची जागा अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ ने घेतली. त्याखाली भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरण, म्हणजेच एफएसएसएआय, स्थापन झालं आणि ५ ऑगस्ट २०११ पासून नवे नियम लागू झाले. महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करतं. लोक त्याला एफडीए म्हणतात.

या नियमांत फक्त आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. पाकिटावर नावाऐवजी बऱ्याचदा क्रमांक असतो, म्हणून तोही देत आहोत.

पिवळे : टारट्राझिन (१०२) आणि सनसेट यलो (११०). सनसेट यलो दिसायला नारिंगी असतो.
लाल : कार्मोइसिन (१२२), पोन्सो ४ आर (१२४) आणि एरिथ्रोसिन (१२७).
निळे : इंडिगो कार्माइन (१३२) आणि ब्रिलियंट ब्लू (१३३).
हिरवा : फास्ट ग्रीन (१४३).

या आठांच्या बाहेरचा कोणताही कृत्रिम रंग खाण्यात टाकणं हा गुन्हा आहे. पण हे आठ रंगही कशातही टाकता येत नाहीत. आइस्क्रीम, बिस्किटं, केक, गोळ्या-चॉकलेटं, मिठाई, जेली, जॅम, फळांची सरबतं, थंड पेयं, कस्टर्ड पावडर अशा ठरावीक पदार्थांतच ते चालतात. मसाल्यांत, कच्च्या मांसात, दुधात, डाळींत, भाज्यांत नाही. लहान बाळांच्या डब्यातल्या आहारातही नाही.

आता आपल्या दस्तरख्वानाकडे पाहू. मिठाईवाल्याच्या जिलेबीत मर्यादेत रंग असला तर तो नियमात बसतो. बिर्याणी, तंदुरी चिकन, कबाब हे पदार्थ मात्र या यादीत नाहीत. हॉटेलात मिळणारं लालभडक तंदुरी किंवा शेंदरी कबाब जर कृत्रिम रंगाने तसं झालं असेल, तर रंग "फूड कलर"च्या डबीतला असला तरी ते नियमाबाहेरचं आहे. "आमचा रंग खाण्याचाच आहे" हे उत्तर इथे पुरत नाही.

किती म्हणजे किती?

मर्यादा सर्वसाधारणपणे एक किलो तयार पदार्थात १०० मिलिग्रॅम अशी आहे. एक ग्रॅमचा दहावा भाग. चिमटीत शुद्ध रंग घेतला तर एवढा सहज भरतो, बहुधा जास्तच. डबीतल्या पुडीत रंगाबरोबर मीठ किंवा साखर मिसळलेली असते, म्हणून त्यात किती टक्के रंग आहे ते लेबलवर पाहावं लागतं.

नगरचा मोहरम सगळ्या राज्याला माहीत आहे. सवारीच्या दिवसांत जागोजागी सबील लागतात, शेकडो माणसं सरबत पितात. शंभर लिटरच्या पिंपात कायद्याच्या हिशेबाने जास्तीत जास्त १० ग्रॅम शुद्ध रंग चालतो. प्रत्यक्षात कार्यकर्ते रंग अंदाजाने ओततात आणि "अजून थोडा, खुलून दिसू दे" असं म्हणतात. नियत चांगली असते, माप नसतं. त्या रांगेत सर्वांत जास्त ग्लास लहान मुलांचे असतात.

मुलांचा हिशेब वेगळा का, तेही समजून घ्यावं. शास्त्रज्ञ प्रत्येक रंगासाठी एक रोजची मर्यादा ठरवतात. आयुष्यभर रोज एवढं पोटात गेलं तरी अपाय होऊ नये, असा तो आकडा असतो आणि तो वजनावर अवलंबून असतो. एरिथ्रोसिन या लाल रंगासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने हा आकडा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम इतका कमी ठेवला आहे. १५ किलोच्या मुलासाठी तो होतो दीड मिलिग्रॅम. एखाद्या मिठाईत हा रंग किलोला १०० मिलिग्रॅम, म्हणजे कायद्याच्या मर्यादेत असला, तरी त्या मुलाची दिवसाची मर्यादा १५ ग्रॅम मिठाईत संपते. दोन लहान घास. टारट्राझिनची मर्यादा याच्या कितीतरी पट मोठी आहे, त्यामुळे सगळे रंग एकाच तराजूत तोलू नयेत. पण ६० किलोचा बाप आणि १५ किलोचा मुलगा एकाच ताटातून सारखाच रंगीत पदार्थ खातात, तेव्हा दोघांवरचा भार सारखा नसतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी त्या शहरात केलेल्या पाहणीतही हेच पुढे आलं होतं. रंगीत पदार्थ जास्त खाणाऱ्या काही मुलांच्या पोटात टारट्राझिन, सनसेट यलो आणि एरिथ्रोसिन हे रंग रोजच्या मर्यादेपेक्षा जास्त जात होते. हे बंदी असलेले रंग नव्हते, परवानगी असलेलेच होते.

अपाय काय होतो?

इथे दोन्ही बाजूंची अतिशयोक्ती टाळायला हवी. "रंग खाल्ला की कॅन्सर" हेही खरं नाही आणि "इतकी वर्षं खातोय, काही झालं नाही" हाही पुरावा नव्हे.

परवानगी असलेल्या रंगांपैकी टारट्राझिनमुळे थोड्या लोकांना अंगावर पित्त उठणं, खाज येणं किंवा दम्याचा त्रास वाढणं असं होऊ शकतं. ज्यांना होतं, त्यांनी तो रंग टाळायचा.

मुलांच्या वागणुकीबद्दलचा सर्वांत गाजलेला अभ्यास इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाचा. तो २००७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना काही दिवस रंगमिश्रित पेय आणि काही दिवस तसंच दिसणारं बिनरंगाचं पेय दिलं गेलं. रंगाच्या पेयात सोडियम बेंझोएट हे टिकवण्याचं रसायनही होतं. रंगाच्या दिवसांत मुलांचा चंचलपणा सरासरीने थोडा वाढलेला दिसला. परिणाम मोठा नव्हता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता आणि नेमका कोणत्या रंगामुळे झाला हेही वेगळं काढता आलं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही पुरावा मर्यादित असल्याचं म्हटलं. तरीही जुलै २०१० पासून युरोपात सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या चपळतेवर आणि लक्षावर दुष्परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापणं सक्तीचं झालं. बऱ्याच कंपन्यांनी ती सूचना छापण्यापेक्षा रंगच बदलले. त्या सहापैकी चार रंग, म्हणजे टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पोन्सो ४ आर, आपल्या आठांच्या यादीत आहेत. आपल्याकडे अशी सूचना छापावी लागत नाही.

आम्ही रोज वर्गात उभे राहतो. मूल एका जागी बसत नाही याची कारणं पुष्कळ असतात. अपुरी झोप, मोबाइल, रिकामं पोट, घरातला ताण. सगळं खापर रंगावर फोडणं चूक आहे. पण डब्यात रोज रंगीत नळ्या आणि बाटलीत रोज नारिंगी पाणी असेल, तर ते महिनाभर बंद करून पाहायला काहीच खर्च येत नाही. उलट वाचतो.

अमेरिकेत एरिथ्रोसिनला रेड नंबर ३ म्हणतात. १९९० सालीच तिथे सौंदर्यप्रसाधनांत त्याच्यावर बंदी आली होती, कारण मोठ्या प्रमाणात तो दिलेल्या नर उंदरांत थायरॉइडच्या गाठी आढळल्या होत्या. खाण्यात मात्र तो चालूच राहिला. १५ जानेवारी २०२५ रोजी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने खाद्यपदार्थांतही त्याला मनाई केली आणि कंपन्यांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली. उंदरांत ज्या प्रक्रियेमुळे हे घडतं ती माणसांत तशी घडत नाही, असंही त्या संस्थेने सांगितलं. पण प्राण्यांत कॅन्सर करणारं रसायन अन्नात नको, असा तिथला जुना कायदा आहे आणि त्यानुसार निर्णय झाला. आपल्या नियमांत हा रंग आहे.

बंदी असलेल्या रंगांची गोष्ट निराळी. मेटॅनिल यलोने प्राण्यांवरच्या प्रयोगांत यकृताला आणि मज्जासंस्थेला इजा केलेली दिसली आहे. सुदान रंग तेलात विरघळतो आणि मिरचीपूड लालभडक दिसावी म्हणून तो वापरला जातो. २००३ साली युरोपात भारतातून गेलेल्या मिरचीपुडीत तो सापडला आणि २००५ साली ब्रिटनमध्ये अशाच मिरचीमुळे दुकानांतून शेकडो पदार्थ परत मागवावे लागले. हळदीला चमक यावी म्हणून लावला जाणारा लेड क्रोमेट तर थेट शिशाचं संयुग आहे. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असतं आणि त्याची सुरक्षित पातळी कोणतीच नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आशियातल्या एका अभ्यासात पाटण्यातल्या काही हळदीत शिशाचं प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या शंभरपटीहून जास्त निघालं.

शेजारी काय झालं?

रोडामाइन बी हा गुलाबी रंग कापड आणि कागदासाठीचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि तामिळनाडूत बुढ्ढी के बाल, म्हणजे साखरेच्या कापसात तो सापडला आणि तिथे विक्रीवर बंदी आली. ११ मार्च २०२४ रोजी कर्नाटकानेही पाऊल उचललं. तिथे कोबी मंचुरियनचे १७१ नमुने तपासले, त्यांतले १०७ असुरक्षित निघाले. साखरेच्या कापसाच्या २५ पैकी १५ नमुन्यांत गडबड होती. मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग आणि कापसात रोडामाइन बी वापरण्यावर बंदी घातली गेली. जूनमध्ये कबाब आणि माशांच्या पदार्थांतल्या कृत्रिम रंगांवरही तशीच बंदी आली. तिथे पांढरा कापूस विकायला मनाई नव्हती, मंचुरियन आणि कबाब विकायलाही नाही. रोख फक्त रंगावर होता.

कर्नाटकाचा आदेश म्हणजे बेळगाव, निपाणी, बिदरलाही लागू. तिथे आपल्या अनेकांचे नातेवाईक आहेत. नियम मुळात देशभर एकच आहे. तिथे फक्त नमुने घेतले, आकडे जाहीर केले आणि लोकांना स्पष्ट भाषेत सांगितलं.

महाराष्ट्रातलं एक वेगळं उदाहरण आठवतं. कारखान्यांसाठी आणि मासे साठवण्यासाठी बनवलेला बर्फ गोळ्याच्या आणि सरबताच्या गाड्यांवर जात असे. २०१८ च्या उन्हाळ्यात राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं की, न खाण्याचा बर्फ निळा करा. त्यासाठी इंडिगो कार्माइन किंवा ब्रिलियंट ब्लू अगदी थोड्या प्रमाणात, दहा लाखांत दहा भागांपर्यंत, वापरायचा. बर्फ निळसर दिसला की तो खाण्यासाठी नाही, हे मुलालाही कळावं. इथे रंगच राखणदार झाला. गोळा घेताना बर्फाच्या लादीकडे एकदा पाहायची सवय मुलांना लावा.

शाळेच्या फाटकावर

लिहायला सोपं, करायला अवघड असा भाग आता येतो. मुलांच्या शाळेतल्या आहाराबद्दल एफएसएसएआयचे २०२० चे नियम आहेत. जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकू नयेत, असं ते सांगतात. नियम कागदावर आहे. फाटकावर गाडी आहे. आणि गाडीवाला बऱ्याचदा आपल्याच विद्यार्थ्याचा अब्बा असतो.

अशाच एका भावाशी आम्ही बोललो. गुलाबी कापूस विकणारे. ते रागावले नाहीत. म्हणाले, "रंगाची पुडी बाजारातून येते, मी बनवत नाही. पांढरा ठेवला तर पोरं म्हणतात जुना आहे." त्यांनी आठवडाभर पांढरा ठेवून पाहिला. विक्री कमी झाली. मग आम्ही वर्गात हा विषय काढला, रोडामाइन काय असतं ते सांगितलं. त्यानंतर मुलं स्वतः पांढरा मागू लागली, सगळी नाही, पण बरीच. आता त्यांच्या गाडीवर पांढरा जास्त असतो आणि गुलाबीसाठी ते लेबल असलेली डबी वापरतात. हे काही मोठं यश नाही. पण एवढं कळलं की तक्रार करण्याआधी एक शब्द बोलून पाहावा. गरीब विक्रेत्याला रस्त्यावर आणून पुडी बनवणारा मोकळा राहिला, तर काहीच बदलणार नाही.

घरी काय तपासता येईल?

एफएसएसएआयने घरगुती तपासण्यांची पुस्तिका काढली आहे. आठवीच्या वर्गात आम्ही त्यातल्या काही करून घेतल्या. मुलांनी घरून हळद, मिरची आणि वाटाणे आणले होते.

मिरचीपूड : काचेच्या ग्लासात पाणी घेऊन वर चिमूटभर पूड भुरभुरवा. रंगाच्या रेघा लगेच खाली उतरू लागल्या तर पाण्यात विरघळणारा रंग मिसळल्याचा संशय घ्या. सुदान तेलात विरघळतो, तो या तपासणीत सापडत नाही.

हळद : ग्लासभर पाण्यात चमचाभर टाका, ढवळू नका. शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं. पाणी गडद पिवळं झालं तर रंग असू शकतो. शिसं असं ओळखू येत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

हिरवे वाटाणे : अर्धा तास पाण्यात ठेवा. पाणी हिरवं झालं तर वाटाणे रंगवलेले आहेत.

कारली, मिरची, भेंडी, रताळी : कापसाचा बोळा तेलात बुडवून सालीवर घासा. कापसाला हिरवा किंवा गुलाबी रंग लागला तर भाजी परत करा.

मेटॅनिल यलोसाठी हायड्रोक्लोरिक आम्लाची तपासणी असते, आम्ल घातल्यावर मिश्रण गुलाबी-जांभळं होतं. ती घरी करू नये. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोरच करावी.

या तपासण्या इशारा देतात, निकाल देत नाहीत. यांच्या भरवशावर कुणाच्या दुकानाचा व्हिडिओ काढून पसरवू नका.

लेबलवर काय वाचायचं?

रंगाची डबी घेताना चार गोष्टी पाहा : रंगाचं नाव आणि क्रमांक, १४ अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक, बॅच आणि तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता. यातलं एकही नसेल तर परत ठेवा. सुटा रंग कितीही ओळखीच्या दुकानातला असला तरी घेऊ नका. खाऊच्या पाकिटावर परवानगी असलेले कृत्रिम रंग असल्याचं लिहिलेलं असतं, त्यापुढचा क्रमांक वरच्या यादीत शोधा.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न येतो, हलालचा. व्हॉट्सॲपवर "ई-कोड म्हणजे डुकराची चरबी" असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ई किंवा आयएनएस क्रमांक हे फक्त नोंदणीचे आकडे आहेत. वर दिलेले आठही रंग रासायनिक आहेत, प्राण्यांपासून येत नाहीत. एक क्रमांक मात्र लक्षात ठेवावा, १२०. कार्माइन किंवा कोचिनील नावाचा हा लाल रंग एका किड्यापासून काढतात आणि परदेशी खाऊत तो आढळतो. त्याबद्दल उलमांचं एकमत नाही, म्हणून आपल्या आलिमांना विचारावं. पण हलालबरोबर तय्यब, म्हणजे स्वच्छ आणि निकोप, हीदेखील अट आहे. कापडाचा रंग घातलेला हलाल कबाब तय्यब कसा म्हणायचा?

शंका आली तर

पाकीट, बिल आणि उरलेला पदार्थ जपून ठेवा. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात, सहायक आयुक्त (अन्न) यांच्याकडे लेखी तक्रार देता येते. राज्याचा टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे. अन्नसुरक्षा अधिकारी नमुना घेतात, तो चार भागांत सील करतात आणि अन्न विश्लेषकाकडे पाठवतात. अहवालासाठी कायद्याने १४ दिवस दिले आहेत.

आणखी एक हक्क फारसा कुणाला माहीत नसतो. कायद्याच्या कलम ४० नुसार सामान्य ग्राहकही फी भरून विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. त्यासाठी दुकानदाराला खरेदीच्या वेळीच तसं सांगावं लागतं. नियमभंग सिद्ध झाला तर फी परत मिळते.

असुरक्षित अन्न विकल्यास, कुणाला इजा झालेली नसली तरी, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मृत्यू झाल्यास किमान सात वर्षं ते जन्मठेप आणि किमान दहा लाख रुपये दंड आहे.

रंगाशिवाय दस्तरख्वान

केशराच्या चार काड्या कोमट दुधात अर्धा तास भिजवल्या तर बिर्याणीच्या वरच्या थराला पुरतात. केशर परवडत नसेल तर चिमूटभर हळद दुधात उकळून घ्या. थोडीच घेतली तर चव बदलत नाही. जर्द्याला हळद आणि दोन-चार काड्या केशर. कबाबाला आणि तंदुरीला काश्मिरी किंवा ब्याडगी मिरची, रात्री भिजवून वाटलेली. लाल हवं तर बीटचा रस, हिरवं हवं तर पालक. सरबताला लिंबू-सब्जा किंवा आमसूल, त्यांना रंगाची गरजच नाही. मिरची-हळद जमेल तेव्हा अख्खी घेऊन दळून आणावी. नैसर्गिक म्हटलं की भेसळ नाही असं समजू नका, केशरातही भेसळ होते.

या बकरी ईदला ती अम्मी पुन्हा भेटली. जर्दा केला होता, फिकट पिवळा. सासूबाई म्हणाल्या, "रंग उतरला का गं?" ती म्हणाली, "हां अम्मी, उतरलाच." डब्यातून आमच्यासाठीही आणला होता. आम्ही खाल्ला. बोटं साधी राहिली.